मागच्या दारची पाणंद

“मी एक काडीसुद्धा तोडूचंय नाय,” असं म्हणून आबांनी हातातली कोयती पुन्हा कमरेच्या आकडीत अडकवली.

“नको तोडू,” वरच्या अंगानं आवाज आला. रान इतकं माजलं होतं की बोलणारा माणूस दिसत नव्हता. “माका काय त्याचा? उद्या जनावर निघालां तर तुझ्याच खळ्यात निघतलां.”

“निघांदे. तेका सांगतंय, औंदा पाळी भिकाजी धुऱ्याची आसा, तेच्याकडे जा.”

“पाळी माझी? जयरामा, देवाक तरी भी!”

“देवाक भितंय म्हणानच सांगतंय.”

मी मागच्या दारात तांदूळ धूत बसले होते. सातवा महिना होता, खाली बसलं की उठायला दाराची चौकट धरावी लागायची. आबा म्हणजे माझे सासरे, जयराम पालव. ते रोज असे कोयती घेऊन गडग्याच्या दगडी बांधापाशी जात, रानाकडे बघत, भिकाजीकाकांशी दोन शब्द करत आणि एकही काडी न तोडता परत येत. परत आल्यावर मला म्हणत, “बघलंस मां? ऐकूक तयार नाय तो.” जणू मी पंच होते.

भांडण पाणंदीचं होतं. आमच्या मागच्या दारापासून चढत जाणारी, दोन गडग्यांमधली ती चिंचोळी पायवाट थेट धुऱ्यांच्या खळ्यात, अंगणात निघते. मध्यावर एक फणस आहे. फणसाच्या खालचा गडगा आमचा, वरचा त्यांचा. पावसात तिथं कमरेएवढं रान चढतं, आणि गणपतीच्या आधी ते कोयतीनं साफ करावं लागतं. त्याला इकडे बेणणं म्हणतात. सगळी पाणंद एका वर्षी पालवांनी बेणायची, एका वर्षी धुऱ्यांनी. ही पाळी कुणी ठरवली ते कुणालाच ठाऊक नव्हतं, पण ती कधी चुकलीही नव्हती.

मी लग्न होऊन आले त्या वर्षी पाळी आमची होती. आणि नेमके गणपतीच्या तोंडावर आबांचे चुलतभाऊ मुंबईत वारले. सुतक आलं. त्या वर्षी घरात गणपती आला नाही, कोयतीला कुणी हात लावला नाही. भिकाजीकाका एका सकाळी न बोलता आले, सगळी पाणंद बेणून गेले. आबांनी पडवीतून नुसते हात जोडले. इथवर सगळं छान होतं.

पुढच्या वर्षी भिकाजीकाका म्हणाले, गेल्या वर्षीची तुझी पाळी मी केली, आता यंदाची माझी तू कर.

आबा म्हणाले, सुतकातली पाळी पाळीत धरत नाहीत. ज्या वर्षी देव घरात आला नाही त्या वर्षी पाळी तरी कशी येईल? ते वर्ष गेलं. यंदा पाळी तुझी.

“मगे मी केलंय तां काय झाला?”

“मी तुका सांगललंय काय करूक?”

झालं. तेव्हापासून दोन पावसाळे गेले. दोघांचंही म्हणणं आपापल्या जागी इतकं बरोबर होतं की वाडीतली माणसं ज्याच्या पडवीत चहा प्यायची त्याची बाजू घेऊन उठायची. ग्रामसेवकाला विचारलं तर तो म्हणाला, ही वाट आमच्या यादीतच नाही. म्हणजे कागदावर वाट नव्हती, भांडण तेवढं होतं. पहिल्या वर्षी गुरं-माणसं वाकून, अंग चोरून जात होती. दुसऱ्या पावसात घाणेरी दोन्हीकडून येऊन मध्ये भेटली, तिच्यावर खाजकुयलीचे वेल चढले, आणि पाणंद मिटली.

वरच्या टोकाला मावशी राहायची. भिकाजीकाकांची बायको.

मी घाटावरची, गडहिंग्लजकडची. ती कागलकडची. लग्नानंतर पहिल्यांदा पाण्याची कळशी घेऊन मागच्या दारी उभी होते तेव्हा पाणंदीतून एक बाई उतरत आली आणि मला नीट बघून म्हणाली, “व्हय गं, घाटावरची न्हवं तू?”

मला रडूच फुटलं. त्या घरात कुणी मला दुखवलं नव्हतं, पण इतक्या दिवसांत माझ्याशी माझ्या बोलीत कुणी बोललं नव्हतं. मी तिला काकी म्हटलं, इकडे सगळ्या म्हणत तसं. तर म्हणाली, “काकी म्हणणारी ढिगानं हाईत मला हितं. तू मावशी म्हण. आईकडचं कोणतरी असू दे.”

इथं तिला सगळे सुनंदा म्हणून ओळखायचे. सासरी ठेवलेलं नाव ते. माहेरचं नाव हौसा, आणि ते मला सांगताना ती लाजली होती.

माझी आई मी सातवीत असताना गेली. बाबांनी पुढे दुसरं लग्न केलं. तिकडे घर राहिलं, माहेर राहिलं नाही. पहिलं बाळंतपण सासरीच करायचं हे कुणी ठरवलं नाही, ते ठरलेलंच होतं. त्या एका वर्षात, पाणंद उघडी होती तेव्हा, मी दुपारची भांडी घासून झाली की ओल्या हातानंच वर जायची. ती तव्यावर ज्वारीची भाकरी टाकायची. इकडे तांदळाच्या भाकरीशिवाय काही नसतं, ती कणकवलीच्या बाजारातून ज्वारी मागवायची. आम्ही दोघी फार काही बोलायचो असंही नाही. “चटणी घे की,” “घेतली,” “आणखी घे.” एवढंच. तेवढ्यासाठी मी सकाळपासून दुपारची वाट बघायची.

कुणी म्हणेल, पाणंद मिटली तर रस्त्यानं जायचं. उदय, माझा नवरा, तेच म्हणाला. रस्ता होता. खाली नाक्यापर्यंत उतरायचं, शाळेवरून वळायचं, चढ चढायचा की धुऱ्यांचं पुढचं दार. मी एकदा गेलेही. भिकाजीकाकांनी खुर्ची पुढे केली, “या, बसा” म्हणाले. मावशीनं कपबशीत चहा दिला. आम्ही तिघं समोरासमोर बसलो आणि पावसाविषयी बोललो. घरी येईपर्यंत नाक्यावरच्या दोघांनी, शाळेतल्या बाईंनी आणि दुकानदारानं विचारलं होतं, “पालवांची सून धुऱ्यांकडे? काय विशेष?” रात्री जेवताना आबा म्हणाले, “भिकाजीक वाटतलां मीच धाडलंय तिका, तडजोडीक.”

पाणंदीनं जाणं म्हणजे जाणं नव्हतंच. ते आपल्याच घराच्या मागच्या खोलीत जाणं होतं. रस्त्यानं गेलं की भेट होते, आणि भेटीला कारण लागतं.

फोन एकच होता त्यांच्या घरात, तो भिकाजीकाकांच्या सदऱ्याच्या खिशात. लावला की तेच उचलायचे आणि “हां बोला, कोण?” असं गावाला ऐकू जाईल इतक्या मोठ्यानं म्हणायचे. मग मी ठेवून द्यायची.

राहिला होता तो आवाज. संध्याकाळी ती कोंबड्यांना हाका मारायची, ती घाटावरची हाक, “कोऽ कोऽ, या गं बायांनो.” रानाच्या भिंतीपलीकडून ती मला ऐकू यायची. माझी कळशी घासल्याचा आवाज तिला जात असावा. एकदा मी मुद्दाम कळशी दगडावर आपटली. वरची हाक क्षणभर थांबली, मग पुन्हा सुरू झाली.

नवरात्र संपलं त्या आठवड्यात सासूबाई बांगडे साफ करता करता म्हणाल्या, “धुऱ्यांचो झील दिवाळेक येता. दोघांकव डोंबिवलीक घेवन जातलो म्हणे. काकीच्या गुडघ्यांचां ऑपरेशन आसा. घर बंद.”

“परत कधी येणार?”

“आता कित्याक येतत? गुडघे घेवन हो चढ कोण चढतलो?”

त्या दिवशी आमटी खारट झाली, दुसऱ्या दिवशी अळणी. माझं बाळ दिवाळीनंतर दोनेक महिन्यांनी येणार होतं. मावशीनं एकदा बोलता बोलता म्हटलं होतं, “तुला बाळंतपणात डाळिंबाच्या सालीचा काढा मी देईन, इकडच्यांना जमत न्हाई.” मला काढा नको होता. ती जायच्या आधी चार दुपारी तरी तिच्या चुलीपुढे बसायचं होतं, ओल्या हातानं, काही कारण नसताना.

मी एकदा कोयती उचललीही. सासूबाईंनी हातातून काढून घेतली. “पोटुशी बाई रान तोडता? आणि तोडलंस तर पाळी कोणाची लागतली? आमचीच मां?”

आठ दिवसांनी माझी ओटी भरायची ठरली. वाडीतल्या बायका आल्या. हिरवी साडी, फुलांची वाडी, पाटाभोवती रांगोळी. धुऱ्यांकडे आमंत्रण गेलं नव्हतं, फक्त ओटी भरायला बायका पुढे येताना एकदा सासूबाईंची नजर मागच्या दाराकडे गेली. आबा पडवीत बसले होते. घरातलं पहिलं नातवंड येणार म्हणून सकाळपासून नवा सदरा घालून कुणाशी ना कुणाशी बोलत होते.

घाडीणकाकी आमच्या वाडीतल्या सगळ्यांत वयस्क. त्यांनी माझ्या हनुवटीला हात लावला. “आता सांग गो, काय होया तुका? लाजा नुको. आज मागशीत तां गावतलां.”

“चिंचा!” एकजण म्हणाली.

“चिंचा खय, घाटावरची ती. मिरचेचो ठेचो मागात.”

“कुर्ल्यो माग गो, कुर्ल्यो!”

पडवीतून आबा ओरडले, “माग गो! कुर्ल्यो होये? खाडीत उतरान हाडतंय. जां मागशीत तां हाडून देतंय. पालवाचो शब्द आसा!”

मी कुर्ल्याच म्हणणार होते. खरंच. तोंडात शब्द आला होता. सगळ्या माझ्याकडे बघत होत्या, मला कुणीतरी विचारत होतं काय हवंय, आणि किती दिवसांनी विचारत होतं.

“मला पाणंदीनं चालायचंय,” मी म्हणाले.

“खयसून?”

“मागच्या पाणंदीनं. वरपर्यंत.”

कुणाचीतरी बांगडी वाजली. सासूबाईंनी हातातलं हळदीकुंकवाचं तबक खाली ठेवलं. आबा दारात येऊन उभे राहिले. नव्या सदऱ्याची बाही वर करत, खाली करत म्हणाले, “तां... तां कसां जमात? तां वेगळां आसा. औंदा पाळी भिकाजीची...”

“मेल्या जयरामा,” घाडीणकाकी म्हणाल्या, “सातवो म्हयनो सरत इलो तिचो. पाळी खयची काढतंस?”

एक क्षण कुणाच्या लक्षात आलं नाही. मग कोपऱ्यातली कुणीतरी फिस्सकन हसली आणि सगळ्या बायका एकदम फुटल्या. पाटावर बसल्या बसल्या मीही पदर तोंडाला लावला. आबांचे कान लालभडक झाले. “काय बायका, काय बोलतत!” असं पुटपुटत ते जे बाहेर गेले ते सगळ्या बायका जाईपर्यंत घरात आले नाहीत.

सकाळी मला जाग आली ती कोयतीच्या आवाजानं.

उठून बघितलं तर आबा बनियनवर, डोक्याला पंचा गुंडाळून घाणेरीत शिरले होते. न बोलता, मान न उचलता तोडत होते. सासूबाई दारात चहा घेऊन उभ्या होत्या. “सदरो घाला, खाजकुयली आसा,” त्या तिसऱ्यांदा म्हणाल्या. आबांनी ऐकलं नाही. थोड्याच वेळात ते एका हातानं तोडत होते आणि दुसऱ्या हातानं खाजवत होते. मग कोयती टाकून दोन्ही हातांनी खाजवायला लागले. सासूबाईंनी शेण आणून चोपडलं, वर शिव्या चोपडल्या. दंडाला, मानेला शेण लावलेले आबा पुन्हा रानात शिरले.

ऊन वर आलं तेव्हा ते फणसापर्यंत पोचले होते. तिथं थांबले.

वरच्या रानापलीकडून आवाज आला. “काय रे जयरामा, मानलंस मां पाळी?”

“पाळी कोणाची म्हणतंस? हो डोहाळो आसा.”

“कोणाचो, तुझो?”

“माझ्या सुनेचो, मेल्या. चार बायकांत मागल्यान तिना.”

भिकाजीकाका विचार करत असावेत, कारण पुढचा प्रश्न त्यांनी फार काळजीपूर्वक विचारला. “आणि डोहाळो फणसापर्यंतच आसा?”

“माझो गडगो फणसापर्यंत आसा. डोहाळो खयपर्यंत आसा तो तिका इचार.”

मग दोघं म्हातारे वाट बघत राहिले. मी दारातून पायऱ्या उतरून पहिल्यांदा त्या तोडलेल्या वाटेवर आले. घाणेरीचा कच्चा उग्र वास येत होता. “मावशीच्या दारापर्यंत,” मी वर ऐकू जाईल असं म्हणाले.

“डोहाळे सासरच्यांनी पुरवूचे असतत,” भिकाजीकाका म्हणाले. आवाजात चीड नव्हती, ते नियम सांगत होते. “नायतर म्हायारच्यांनी. मी कोण?”

आबा दंड खाजवायचे थांबले. फणसाला हात लावून उभे राहिले. मला वाटलं आता हे पुन्हा सुतकावर जाणार.

“तिका म्हायार खय आसा रे,” आबा म्हणाले. हळू म्हणाले, पण तिथं ऐकू येणारच होतं. “आई नाय तिका. तुझ्या बायलेक ती मावशी म्हणता. मगे तू कोण झालंस, तां तूच बघ.”

मावशीच्या नवऱ्याला आपल्याकडे धड नावसुद्धा नाही, काका म्हणून भागवतात. पाचोळ्यात भिकाजीकाकांची पावलं वाजली, दूर गेली. वरचं दार वाजलं. आबा फणसाच्या मुळावर बसले आणि मला म्हणाले, “आता मी काय करू, सांग?” सासूबाई आम्हा दोघांकडे बघून आत निघून गेल्या.

मग वरून कोयतीचा पहिला घाव ऐकू आला.

आबा ताडकन उठले, पण पुढे गेले नाहीत. उलट फणसाकडे पाठ करून, आधीच साफ केलेल्या भागातली उरलीसुरली खुंटं उगाच तासत बसले. जेवायला हाक मारली तरी आले नाहीत. वरचा आवाज जवळ जवळ येत गेला. उन्हं कलली तेव्हा शेवटचं झुडूप आडवं झालं आणि अंगभर काटे, दोन्ही हात खाजवणारे भिकाजीकाका फणसाखाली उभे दिसले. पाणंद मिटल्यापासून पहिल्यांदा दोघं एकमेकांना दिसत होते.

“शेण आसा काय?” भिकाजीकाकांनी विचारलं.

आबांनी बादली सरकवली. भिकाजीकाका दंडाला शेण लावत राहिले. जाताना वळून म्हणाले, “ह्यां पाळयेत धरूचां नाय.”

“नाय,” आबा म्हणाले. “धरूचां नाय.”

दुसऱ्या दिवशी दुपारी मी भांडी घासून उठले. सासूबाईंना विचारलं, काही न्यायचं का वर? ओटीतला नारळ, लाडू? “पाणंदीन जातंस मां?” त्या म्हणाल्या. “मगे कित्याक?”

ते दोघं दिवाळीनंतर गेलेच. मुलगा गाडी घेऊन आला, गाद्या बांधल्या, कोंबड्या घाडीणकाकींकडे दिल्या. मावशी पुन्हा चढ चढून आली नाही. माझी मुलगी तिनं फोटोतच पाहिली. मुलगी आता पहिलीत जाते. धुऱ्यांच्या दाराला कुलूप आहे. मावशीच्या जाण्याआधी मला दिवाळीपर्यंतच्या दुपारी मिळाल्या, त्यांचं काही सांगण्यासारखं नाही, भाकरी खाल्ली, चटणी घेतली. सांगायचं आहे ते त्या पहिल्या दुपारचंच.

मी हळूहळू चढत गेले. फणसापाशी दम लागला म्हणून थांबले. वर तोडलेल्या खुंटांवर कुणाला टोचू नयेत म्हणून माती टाकली होती, ती भिकाजीकाकांनी रात्रीतून टाकली असावी. खळ्यात पाय ठेवला तर मावशी पडवीच्या पायरीवर बसली होती. मला वाटलं ती उठेल, कवटाळेल, निदान रडेल. ती उठली नाही. गुडघ्यांवर हात ठेवून माझ्याकडे बघत राहिली. जवळ पाण्याचा तांब्या भरून ठेवलेला होता.

“आलीस?” ती म्हणाली. “कंच्या गाडीनं आलीस?”

मला कळेना. मी हसले. ती हसली नाही.

“सकाळच्या का?” तिनं पुन्हा विचारलं. “घाटात गाडी लागली न्हाई न्हवं?”

तिच्या डोळ्यांत बघितलं तेव्हा समजलं. ती भ्रमिष्ट झाली नव्हती. तिचं सगळं ठिकाणावर होतं. घाट उतरून तिच्या माहेरचं माणूस त्या खळ्यात कधीच आलं नव्हतं. आई होती तोवर तीच जायची, आई गेल्यावर भावांनी बोलावलं नाही, आणि मग सगळं आयुष्य इथं गेलं. हे तिनंच मला कधीतरी चुलीपुढे सांगितलं होतं. मी इतके दिवस तिच्याकडे जायला तळमळत होते. तीही कुणाच्या तरी येण्याची वाट बघत होती, आणि आता ती हे घर सोडून जाणार होती.

“सकाळच्याच गाडीनं,” मी म्हणाले. “थोडी लागली. पण आले.”

“पाय धू.” तिनं तांब्या पुढे केला. मी पायांवर पाणी घेतलं. “पाऊस हाय का वर?”

“उघडलाय. भुईमूग काढायला लागलेत.”

“नदी?”

“भरून चाललीया. पुलाच्या खाली हाय पाणी, पण.”

“आंबाबाईच्या यात्रेला गेल्तीस?”

“गेल्ते. लई गर्दी.”

ती मान डोलवत होती, प्रत्येक उत्तर नीट ठेवून घेतल्यासारखी. मी पायरीवर तिच्या शेजारी बसले. तिनं माझ्या साडीचा काठ उगाच नीट केला. मग खाली बघत, फार हळू विचारलं, “आई कशी हाय गं?”

तिची आई मी जन्मायच्या आधीच गेलेली. मी तिला फोटोतही पाहिलं नव्हतं.

“बरी हाय,” मी म्हणाले.

“काय म्हणली?”

मी विचार केला. तिच्या आईचं मला काहीच माहीत नव्हतं. “म्हणली, हौसाला सांग, गुडघ्याला तेल लाव. नव्या गावाला जातीस तर बिचकू नको.”

“व्हय?”

“म्हणली, जेवत जा येळेवर. सगळ्यांचं झाल्यावर उरलंसुरलं खात बसू नको.”

मावशीनं पदर डोळ्यांना लावला नाही. पाणी गालांवरून सरळ खाली येऊ दिलं. “अजून?” ती म्हणाली.

“अजून म्हणली, भिऊ नकोस, मी हाय.”

“अजून?”

ऊन खळ्यातून सरकत पायरीशी आलं. माझ्या आईला मला जे जे सांगायला वेळ मिळाला नव्हता, ते सगळं मी तिच्या आईच्या नावानं तिला सांगत बसले.